सत्पात्री दान आणि स्थानिक अभ्यास : मध्य मुंबईतील अनुभवांतून काही धडे



वार्षिक अहवालातील जमाखर्चाचे पत्रक आपण दरवर्षी पाहता. किती रक्कम जमा झाली, ती कोणत्या खाती खर्ची पडली आणि शिल्लक किती राहिली, हे त्यावरून कळते. लेखापरीक्षकांची सही झाली की हिशेब बिनचूक असल्याची ग्वाहीही मिळते. परंतु ज्या कामासाठी पैसा वेचला गेला, ते काम या परिसराला सर्वांत निकडीचे होते काय, या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही. ते शोधण्यासाठी हिशेबाच्या वहीबाहेर, वस्तीत आणि चाळीत जावे लागते.

हा प्रश्न आमच्या कार्यालयात वारंवार येतो. वडिलांच्या किंवा आईच्या स्मरणार्थ काही देण्याची इच्छा घेऊन येणारे कुटुंब प्रथम हेच विचारते की, काय द्यावे? बहुधा उत्तर ठरलेले असते : एखादे यंत्र, एखादी खाट, एखाद्या कक्षाचे नूतनीकरण आणि त्यावर नावाची पाटी. या भावनेबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तथापि श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचा विचार करताना देश, काळ आणि पात्र या तिन्हींचे भान ठेवण्यास सांगितले आहे, याचे स्मरण येथे करून द्यावेसे वाटते. आजच्या भाषेत यालाच स्थानिक अभ्यास म्हणता येईल. कोणत्या वस्तीत, कोणत्या वेळी, कोणाला, कशाची उणीव आहे, हे मोजून पाहणे आणि मग दान करणे.

असा अभ्यास परदेशात झाला, त्याप्रमाणे आपल्या मुंबईतही झाला आहे. 1914 साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एक सार्वजनिक न्यास स्थापन झाला आणि त्याने निधीवाटपाच्या सुरुवातीच्या काळातच शहरातील शाळांची व न्यायव्यवस्थेची सविस्तर पाहणी करून घेतली. हे उदाहरण दानकार्याच्या इतिहासात नेहमी दिले जाते. परंतु गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या आपल्या परिसरातील उदाहरणे त्याहून कमी बोलकी नाहीत. त्यांतील काहींचा परिचय करून देणे व त्यांतून देणगीदाराला उपयोगी पडतील असे धडे काढणे, हा या लेखाचा हेतू आहे.

गिरणगावातील पहिली मोजणी

ना. म. जोशी यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने ही लीगची कामे सर्वपरिचित आहेत. परळचे दामोदर सभागृह आजही त्यांची आठवण देते. सेवेबरोबरच सामाजिक वस्तुस्थितीची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करणे, हेही लीगने आपले काम मानले होते. कामगारांचे कल्याण साधावयाचे तर कामगार कसा राहतो हे आधी पाहिले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती.

त्याच काळातील एक मोजणी अंगावर काटा आणणारी आहे. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 666 अर्भके वर्षाच्या आत दगावल्याचे आकडे सांगतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण 828 होते, दोन खोल्यांत 322, तीन खोल्यांत 191 आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत 133. शहर एकच, पाणीपुरवठा एकच, मात्र खोल्यांची संख्या बदलली की बाळाच्या जगण्याची शक्यता बदलत होती.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जाण्याची रीत तेव्हा होती. गावी जन्मलेले मूल पुढे मुंबईत दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यात पडे, जन्म मात्र पडत नसे. शिवाय जन्मांची नोंदही अपुरी होती. भाजक लहान झाला की भागाकार मोठा येतो, हे हिशेब जाणणाऱ्या कोणासही पटेल. म्हणून 828 हा आकडा जसाच्या तसा घेण्याऐवजी एक खोली आणि चार खोल्या यांमधील दरीकडे लक्ष द्यावयास हवे. आकडा फुगलेला असला तरी त्याने दाखविलेली दिशा खरी होती.

याच सुमारास मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतीविषयक स्थितीची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून करविली. आई पाळीवर गेली की बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची प्रथा किती सर्रास होती, ते या चौकशीत दिसून आले. केवळ दवाखाना काढून आणि औषधाची बाटली देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर पगारी विश्रांती मिळणे आवश्यक होते. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती विधिमंडळात तसे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात याच आशयाचे विधेयक आले, तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला आणि 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. याच दशकात, 1926 साली, परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. दान, कायदा आणि मोजणी या तिघांनी एकाच दुखण्याला तीन बाजूंनी हात घातला, असे या काळाकडे पाहताना दिसते.

दारात येणारे आणि न येणारे

रुग्णालयातील नोंदवही ही फार मोलाची गोष्ट आहे, पण तिला एक जन्मजात मर्यादा आहे. जो आला त्याचीच ती नोंद करते. जो आलाच नाही, किंवा फार उशिरा आला, त्याचे दुःख तीत उमटत नाही. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले. त्यामुळे तेथील केसपेपर पाहून मुंबईकरांत कोणता कर्करोग किती आहे, हे सांगता येणे शक्य नव्हते.

ही उणीव दूर करण्यासाठी डॉ. दा. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी नोंदणी भारतात प्रथमच होत होती. तिचे कर्मचारी शहरातील रुग्णालयांत जाऊन नोंदी घेत, महापालिकेकडील मृत्युनोंदी तपासत आणि किमान एक वर्ष मुंबईत वास्तव्य असलेल्या व्यक्तीचीच गणना शहरवासी म्हणून करीत. बाहेरगावचा रुग्ण मुंबईत उपचार घेत असला तरी तो मुंबईच्या प्रमाणात धरला जात नसे. या एका नियमामुळे रुग्णालयाची गर्दी आणि शहराची गरज या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. पुढे 1981-82 साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मुंबईची नोंदणी त्यात समाविष्ट झाली.

यातील धडा असा की, कोणत्याही रुग्णालयाने केवळ आपल्या बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहून गरज ठरवू नये. रांग ही बसच्या मार्गावर, ओळखीवर आणि नावलौकिकावरही अवलंबून असते.

रूढ समज आणि प्रत्यक्ष

विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, तीत तंबाखू थोडी, म्हणून अपाय थोडा, असा समज गिरणगावात अनेक पिढ्या होता. हा समज तपासला गेला तो याच शहरात. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 ते 1997 या काळात मुख्य शहरातील, म्हणजे मुंबई बेटावरील, 35 वर्षांवरील 1,48,173 व्यक्तींची घरोघर जाऊन माहिती घेतली. निवडीसाठी मतदारयाद्यांचा आधार घेण्यात आला आणि उत्तरे नोंदविण्यासाठी त्या काळात नवलाईचे असलेले हातातील संगणक वापरले गेले. काही वर्षांनी त्याच पत्त्यांवर पुन्हा जाऊन कोण हयात आहे व कोण नाही, याची नोंद झाली.

पहिल्या टप्प्यातील सुमारे एक लाख व्यक्तींत सुमारे 69 टक्के पुरुष आणि सुमारे 57 टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. स्त्रियांत ती जवळजवळ सर्वस्वी धूरविरहित, म्हणजे मिशरीसारख्या रूपात होती. पुढील पाहणीचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 37 टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांत 64 टक्क्यांनी अधिक होते. विडी सौम्य असल्याचा समज त्यामुळे निराधार ठरला.

या अभ्यासाचीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. ज्या इमारतींत पहारेकऱ्यांमुळे प्रवेश मिळत नसे, त्या सुखवस्तू इमारती पाहणीतून वगळलेल्या होत्या. म्हणजेच हे चित्र प्रामुख्याने निम्न व मध्यम उत्पन्नाच्या मुंबईकरांचे आहे. धर्मादाय रुग्णालयाला मात्र नेमके हेच चित्र हवे असते. दात घासताना मिशरी लावणाऱ्या आजीला ती तंबाखू आहे असे वाटतही नसेल, तर तिच्यासाठी शस्त्रक्रियागृहातील नव्या दिव्याइतकाच वस्तीत जाऊन बोलणारा समुपदेशकही मोलाचा ठरतो. त्याच्या मानधनावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, हीच काय ती अडचण.

साधी तपासणी, दीर्घ पाठपुरावा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे काम हे स्थानिक संशोधनाचे सर्वांत ठळक उदाहरण मानावे लागेल. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली मुंबईतील झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी हाती घेतली. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या वस्त्यांचे 20 समूह करून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मे समूह तपासणीसाठी व निम्मे तुलनेसाठी निवडले गेले. तपासणी अत्यंत साधी होती. ॲसेटिक ॲसिडचे, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे, सौम्य द्रावण लावून गर्भाशयमुखाचे नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण करावयाचे. हे काम करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून ते करविले गेले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या समूहांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध केले.

याच चाचणीत प्रशिक्षित सेविकेने हाताने केलेल्या स्तनतपासणीचाही अभ्यास झाला. त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 साली आले. सर्व वयांच्या स्त्रियांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट सुमारे 15 टक्के होती आणि ती संख्याशास्त्रदृष्ट्या ठाम म्हणता येत नव्हती. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र घट जवळजवळ 30 टक्के होती.

याच्या शेजारी मराठवाड्यातील एक अभ्यास ठेवून पाहावा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 52 ग्रामसमूहांतील सुमारे 1,31,000 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. तेथे एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, परंतु व्हिनेगरजातीच्या द्रावणाची तपासणी एकदाच केलेल्या गटात मृत्यूंत ठाम घट आढळली नाही. मुंबईत हीच तपासणी चार वेळा झाली होती. दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीत अन्य फरकही होते, त्यामुळे सरळ तुलना करणे धाडसाचे होईल. तरीही देणगीदाराने यातून एवढे निश्चित घ्यावे की, एका दिवसाचे शिबिर, त्याचे फलक व छायाचित्रे यांपेक्षा दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात जाण्याच्या व्यवस्थेला आर्थिक पाठबळ देणे अधिक फलदायी ठरू शकते.

मुंबईच्या चाचणीवर नैतिक आक्षेपही घेतले गेले, हे सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना चाचणीच्या काळात तपासणी न देता केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली, हे योग्य होते काय, असा प्रश्न विचारला गेला. अभ्यासाच्या नावाखाली गरिबाचे हित बाजूस सारले जाऊ नये, त्याची समजूनउमजून दिलेली संमती घ्यावी आणि अभ्यासाचे फळ त्याच्याच वस्तीत पोहोचावे, ही अट अभ्यासाला पैसा देणाऱ्याने आग्रहाने घातली पाहिजे.

दुसरीकडचे यश येथे लागू पडते काय?

नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात गावोगावच्या स्त्रियांचे गट स्थापून, बाळंतपणाविषयी दरमहा चर्चा घडवून आणल्यावर नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, असे 2004 साली प्रसिद्ध झाले. झारखंड व ओडिशातील खेड्यांतही 2010 साली असेच उत्साहवर्धक निष्कर्ष आले. मुंबईतही हाच उपक्रम करावा, असे कोणासही वाटले असते आणि तो करून पाहिलाही गेला. शीव रुग्णालयातील नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने शहरातील 48 वस्त्या निवडल्या. त्यांपैकी 24 वस्त्यांत स्त्रियांचे गट चालविले आणि 24 वस्त्या तुलनेसाठी ठेवल्या. तीन वर्षांच्या कामाचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा माता व नवजात बालकांच्या स्थितीत गटांमुळे स्पष्ट फरक पडल्याचे दिसले नाही.

कारणे विचार करण्याजोगी आहेत. मुंबईच्या वस्त्यांत बहुसंख्य बाळंतपणे आधीच रुग्णालयांत होत होती. खेड्यातील मुख्य अडथळा येथे उरलेला नव्हता आणि शहरातील अडथळे निराळे होते. आमच्या दृष्टीने या अभ्यासाचे खरे मोल असे की, अपेक्षित यश न मिळाल्याची नोंद त्या संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केली. त्यामुळे तोच उपक्रम तशाच प्रकारे पुन्हा करण्याचा खर्च अन्य संस्थांना टाळता येतो.

क्षयरोगाच्या बाबतीत असाच विचार आज करावयाचा आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णाच्या कुटुंबाला दरमहा शिधा दिल्यावर घरातील अन्य व्यक्तींना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले, असे 2023 साली प्रसिद्ध झाले. 2022 पासून ‘निक्षय मित्र’ योजनेतून नागरिकांना व संस्थांना क्षयरुग्णांसाठी पोषण आहार देता येतो आणि तो द्यावा, असे आम्ही आवर्जून सुचवितो. मात्र लालबागच्या एका खोलीत पाच-सहा जण गाळा वाटून राहतात व खानावळीत जेवतात, तेथे कोरडा शिधा कोण शिजविणार? अशा ठिकाणी तयार डबा अधिक उपयोगी पडेल काय, हे थोड्या कुटुंबांत प्रथम पाहूनच मोठी रक्कम गुंतविणे शहाणपणाचे होईल.

सरासरीची भूल

स्थानिक म्हणजे किती स्थानिक, हाही प्रश्न आहे. महापालिकेच्या जी उत्तर विभागात दादर, माहीम आणि धारावी एकत्र येतात. शिवाजी पार्कचा कट्टा आणि धारावीची गल्ली यांची मिळून काढलेली सरासरी दोन्हींपैकी कोणाचीच नसते. एफ दक्षिण विभागात परळ, लालबाग, शिवडी येतात. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, त्या इमारतींच्या सावलीत जुन्या चाळी अजून आहेत. प्रजा फाउंडेशनसारख्या संस्था माहितीच्या अधिकारातून शहराच्या आरोग्याची विभागवार माहिती मिळवून अहवाल प्रसिद्ध करतात, ते जरूर पाहावेत. परंतु विभागाचा आकडा ही चौकशीची सुरुवात समजावी. त्यापुढे चाळ आणि इमारत वेगळी करून पाहावी लागते.

औषधापलीकडची उणीव

दान कोठे द्यावे हे ठरविताना, कोणता खर्च आधीच कोठून तरी भागविला जातो, हे माहीत असणे तितकेच महत्त्वाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार सप्टेंबर 2006 पासून धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात आणि अन्य रुग्णांच्या देयकांतील 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्था वैद्यकीय साहाय्य देतात.

या सर्वांतून गळणारा खर्च कोणता? परळच्या पदपथावर पथारी पसरून बसलेली कुटुंबे पाहिली की उत्तर मिळते. बाहेरगावहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांचे राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली रोजी यांस कोणत्याही योजनेत पुरेसे स्थान नाही. लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, बरे होऊ शकणारे मूल आईवडील उपचार अर्धवट सोडून घरी नेतात, ही गोष्ट दीर्घकाळ छळीत होती. टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा कुटुंबांचा पाठपुरावा झाला, निवास, आहार व समुपदेशन यांची जोड उपचाराला दिली गेली आणि उपचार सोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. 2006 साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेची निवासकेंद्रे, परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा ही याच उणिवेवरील उत्तरे आहेत. धर्मशाळेतील एक खोली ही वैद्यकीय उपचाराचाच भाग ठरू शकते, हे गाडगे महाराजांनी अनुभवाने जाणले होते. पुढील पाठपुराव्यांनी त्याला पुष्टी दिली.

समोरचा रुग्ण आणि न दिसणारा रुग्ण

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. समोर तळमळणारा रुग्ण असताना आकडेमोड करीत बसणे निर्दयपणाचे नव्हे काय? आमचे म्हणणे असे की, समोरच्या रुग्णाला साहाय्य करण्यास कोणत्याही अभ्यासाची वाट पाहू नये. तातडीच्या मदतीचा निधी त्यासाठीच असतो. पण एकच रुपया दोन ठिकाणी खर्च होत नाही. क्वचित वापरल्या जाणाऱ्या यंत्रात गुंतलेला पैसा, उपचार अर्धवट सोडून गेलेल्या मुलाच्या परतीच्या तिकिटाला उपलब्ध राहत नाही. ते मूल आपल्या दारात नसते, म्हणून त्याची तळमळ आपल्याला ऐकू येत नाही, इतकेच. अभ्यासाचे काम त्या मुलाची आठवण करून देण्याचे आहे.

देणगी देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. ते आम्हांसही विचारावेत आणि अन्य कोणत्याही संस्थेला विचारावेत.

1. ही गरज कोणी, कोठे व केव्हा मोजली? ती मोजणी आपल्याच परिसरातील आहे काय?
2. मोजणीतून कोण वगळले गेले?
3. हा उपाय दुसरीकडे यशस्वी झाला असल्यास तेथील व येथील परिस्थितीत फरक कोणता?
4. हाच खर्च शासन, महापालिका किंवा अन्य न्यास आधीच करीत आहे काय?
5. वस्तू घेतल्यानंतर ती चालविण्याचा, दुरुस्तीचा व पाठपुराव्याचा खर्च कोण करणार?
6. दोन वर्षांनी फरक पडला की नाही, हे कशावरून कळणार? आणि फरक न पडल्यास ते सांगितले जाईल काय?

विश्वस्त मंडळापुढील प्रस्ताव

मोठे संशोधन करणे आपल्यासारख्या रुग्णालयाच्या आवाक्यातील नाही. परंतु तीन लहान नोंदी आपण निश्चित ठेवू शकतो. पहिली, प्रत्येक केसपेपरवर रुग्णाच्या राहण्याचा नेमका परिसर व तो मुंबईत किती काळ आहे, याची नोंद. दुसरी, ठरलेल्या तारखेस न आलेल्या रुग्णाला समाजसेवा विभागाकडून दूरध्वनी आणि न येण्याचे कारण त्याच्याच शब्दांत. तिसरी, देणगीतून घेतलेले प्रत्येक उपकरण महिन्यात किती दिवस वापरले गेले, याची नोंद. रुग्णाचे नाव व आजार गुप्त ठेवून, त्याच्या संमतीने हे काम करावे आणि त्याचे निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, वार्षिक अहवालात छापावेत, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत.

देणगीदारांस एक व्यावहारिक बाबही सांगावयास हवी. कायम निधीसाठी दिलेल्या रकमेचे केवळ उत्पन्न खर्च करता येते. विशिष्ट हेतूसाठी दिलेली रक्कम त्याच हेतूस बांधलेली असते, त्यामुळे यंत्रासाठी आलेला पैसा निवासासाठी वापरता येत नाही आणि तो तसा वापरला जाऊही नये. म्हणून देणगीपत्रात शक्य असेल तेथे ‘रुग्णालयाने नोंदींच्या आधारे ठरविलेल्या गरजेनुसार’ असा उल्लेख करावा. आपल्या प्रियजनांचे नाव अहवालात त्या कामासह, म्हणजे अमुक इतक्या कुटुंबांचे जेवण, अमुक इतक्या रुग्णांचा पाठपुरावा, अशा स्वरूपात आदराने छापले जाईल.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक विनंती आहे. उपचार सोडून जावेसे वाटले, तर त्याचे कारण संकोच न करता समाजसेवा विभागास सांगावे. भाड्याला पैसे नाहीत, रजा मिळत नाही, घरी धाकटे मूल आजारी आहे, यांपैकी काहीही. ते कारण तुमची अडचण दूर करण्यास उपयोगी पडेल आणि तुमच्यानंतर येणाऱ्या अनेकांसाठी देणगीला योग्य मार्ग दाखवील.

आपला स्नेह या रुग्णालयास आजवर लाभला आहे. त्यास अभ्यासाची जोड मिळावी, एवढीच या लेखाद्वारे नम्र प्रार्थना.



रुग्णालय प्रशासन